यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडला, पण उपकरण उत्तर देत नाही: दोष शोधण्याचा क्रम

लक्षणे

यूएसबी-सीरियल अडॅप्टर म्हणजे जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट असलेले उपकरण संगणकाच्या यूएसबी सॉकेटला जोडून देणारा छोटा जोड. त्याच्या तक्रारी वरवर पाहता अनेक असल्या तरी त्या मोजक्या प्रकारांत बसतात. पहिल्या प्रकारात अडॅप्टर जोडूनही संगणकावर काहीच घडत नाही; आवाज होत नाही आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, नवी नोंदही येत नाही. दुसऱ्या प्रकारात नोंद येते, पण तिच्यावर पिवळा त्रिकोण असतो आणि गुणधर्म उघडल्यास कोड १०, कोड २८ किंवा कोड ४३ दिसतो. तिसऱ्या प्रकारात पोर्ट यादीत व्यवस्थित दिसतो, परंतु प्रोग्रॅमला तो उघडता येत नाही. परवानगी नाही किंवा पोर्ट वापरात आहे, असा संदेश मिळतो. चौथ्या प्रकारात पोर्ट उघडतो आणि पडदा कोराच राहतो. पाचव्यात अक्षरे येतात, पण ती वाचता येत नाहीत. सहावा प्रकार सर्वांत चिवट असतो: सगळे सुरळीत चाललेले असते आणि तासाभराने, किंवा शेजारचे एखादे यंत्र सुरू होताच, संपर्क तुटतो.

आपले लक्षण यांपैकी कोणते, हे काम सुरू करण्यापूर्वी ठरवून घ्यावे, कारण पहिल्या तीन प्रकारांत दोष संगणक आणि यूएसबी यांच्या बाजूला असतो, तर चौथ्या आणि पाचव्या प्रकारात तो बहुधा सीरियल बाजूला असतो. पडदा कोरा राहतो म्हणून चार वेळा ड्रायव्हर (संगणकाला अडॅप्टर चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा बसवणारी माणसे मी नेहमी पाहतो. पोर्ट उघडत असेल तर ड्रायव्हर आपले काम करतो आहे, हे ध्यानात घेतल्यास निम्मा वेळ वाचतो. ‘अडॅप्टर बिघडला’ असे सांगून माझ्याकडे आलेले बहुतेक अडॅप्टर चांगलेच निघाले आहेत. दोष केबलच्या जोडणीत किंवा प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये होता. म्हणून खालचा क्रम असा आहे, की अडॅप्टर निर्दोष आहे की नाही हे शक्य तितक्या लवकर आणि खर्च न करता कळावे.

केबल, सॉकेट आणि यादीतले नाव

अडॅप्टर काढून संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये थेट लावावा; मध्ये हब, एक्स्टेन्शन किंवा मॉनिटरवरचा पोर्ट नसावा. अडॅप्टरला सुटी यूएसबी केबल असेल तर ती बदलून पाहावी, कारण मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत फक्त वीजपुरवठ्याच्या दोन तारा असतात आणि डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलीवर अडॅप्टरचा दिवा नेमाने लागतो आणि त्यामुळेच माणूस फसतो. एकदा अशाच एका केबलीपायी मी स्वतः दोन तास ड्रायव्हरशी झुंजत बसलो होतो; त्यानंतर ही तपासणी पहिल्या क्रमांकावर आली.

यानंतर संगणकाला काय दिसते ते पाहावे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून अडॅप्टर काढावा आणि पुन्हा लावावा. जी नोंद नाहीशी होऊन परत येते तीच आपली. लिनक्समध्ये डीमेसेज (dmesg) या आज्ञेच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही केबलीने नोंद येतच नसेल, तर अडॅप्टर खरोखर गेलेला आहे आणि पुढचे वाचण्याची गरज नाही. कोड ४३ आला, म्हणजेच अडॅप्टरला स्वतःची ओळख नीट सांगता आली नाही, तर दुसऱ्या संगणकावर एकदा खात्री करावी. तिथेही तेच घडल्यास निष्कर्ष तोच.

नोंद आली पण ड्रायव्हर नाही, असे कोड २८ सांगतो. अशा वेळी अडॅप्टरच्या वेष्टनावरचे नाव उपयोगाचे नसते, आतील चिप कोणाची आहे ते महत्त्वाचे असते. नोंदीच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी असतो आणि त्यातील पहिला, म्हणजे उत्पादकाचा, क्रमांक चिप ओळखून देतो. ०४०३ असेल तर चिप एफटीडीआयची, ०६७बी असेल तर प्रोलिफिकची, १ए८६ असेल तर डब्ल्यूसीएचची, आणि १०सी४ असेल तर सिलिकॉन लॅब्जची. ड्रायव्हर त्या चिप उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. शोधयंत्रात नाव टाकून समोर येणाऱ्या ‘ड्रायव्हर डाउनलोड’ छापाच्या पानांपासून दूर राहावे. तिथून ड्रायव्हरसोबत काय काय येईल याचा नेम नसतो. लिनक्समध्ये या चारही घराण्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे तिथे वेगळे काही बसवायला जाऊ नये.

कोड १० ची, म्हणजे उपकरण सुरूच होऊ न शकल्याची, गोष्ट थोडी निराळी आहे. प्रोलिफिकची जुनी पीएल२३०३ चिप असलेले अडॅप्टर आजही पुष्कळांच्या खणात आहेत. या चिपेच्या जुन्या आवृत्त्यांचे उत्पादन २०१२ पासून बंद झाल्याचे प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर स्वतःच सांगतो आणि त्या चालवण्यास नकार देतो. शिवाय या चिपेच्या नकला बाजारात इतक्या आल्या, की आपल्या हातातील चिप जुनी आहे की नकली, हे बाहेरून कळत नाही. कालपर्यंत चालणारा अडॅप्टर विंडोज अद्ययावत झाल्यावर अचानक बंद पडला, तर बहुधा हेच कारण असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘संगणकावरील उपलब्ध ड्रायव्हरांतून निवडा’ हा मार्ग घेऊन जुनी आवृत्ती निवडल्यास तो पुन्हा चालू लागतो. मात्र पुढच्या अद्ययावतीकरणानंतर तोच प्रकार पुन्हा घडू शकतो. रोजच्या कामाचा अडॅप्टर असेल तर या फेऱ्यात न अडकता तो बदलावा, असे माझे मत आहे.

एफटीडीआयच्या नकली चिपांचा इतिहास याहून कडवट आहे. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या त्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा उत्पादन क्रमांक बदलून शून्य करून टाकला होता आणि त्यामुळे असे अडॅप्टर कोणत्याच संगणकाला ओळखू येईनासे झाले. ओरड झाल्यावर ते मागे घेण्यात आले. पुढे आलेल्या एका आवृत्तीने निराळा मार्ग घेतला: नकली चिपेवर ती डेटाच्या जागी ‘हे उपकरण अस्सल नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पाठवू लागली. उपकरणाकडून मोजमापाऐवजी असे वाक्य येत असेल, तर उपकरणाला दोष देऊ नये.

पोर्टचा क्रमांक आणि पोर्ट अडवून बसलेले प्रोग्रॅम

विंडोज प्रत्येक अडॅप्टरला कॉम १ ते कॉम २५६ यांमधील एक क्रमांक देते. ज्या चिपांत स्वतंत्र अनुक्रमांक असतो, उदाहरणार्थ एफटीडीआयच्या बहुतेक, त्यांचा कॉम क्रमांक सॉकेट बदलला तरी टिकतो. अनुक्रमांक नसलेल्या चिपांना, ज्यांत डब्ल्यूसीएचची सीएच३४० ही प्रमुख, विंडोज सॉकेटवरून ओळखते; अडॅप्टर शेजारच्या सॉकेटमध्ये लावला की नवा क्रमांक मिळतो आणि प्रोग्रॅम मात्र जुन्याच क्रमांकावर वाट पाहत राहतो. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. सॉकेटवर खूण करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय.

जुन्या प्रोग्रॅमांची अडचण वेगळी असते. काहींना कॉम ४ च्या पुढचा पोर्ट निवडताच येत नाही. शिवाय विंडोजमध्ये कॉम १० आणि त्यापुढील पोर्ट उघडताना नावाआधी काही विशेष चिन्हे जोडावी लागतात आणि जुन्या प्रोग्रॅमांत ती जोडलेली नसल्याने कॉम ९ पर्यंत सर्व ठीक आणि कॉम १० वर नकार, असे विचित्र वर्तन दिसते. पोर्टच्या गुणधर्मांतील प्रगत सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक खाली आणता येतो. लहान क्रमांक ‘वापरात’ दिसत असतील तर ते बहुधा पूर्वी कधीतरी जोडलेल्या अडॅप्टरांसाठी राखून ठेवलेले असतात; डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून त्या फिकट नोंदी काढून टाकाव्यात.

पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. पोर्ट वापरात असल्याचा संदेश आला, तर उघडी राहिलेली टर्मिनलची खिडकी, उपकरणाचा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम किंवा अडकून पडलेली जुनी प्रक्रिया शोधावी. लिनक्समध्ये परवानगी नाकारली जाते ती बहुधा वापरकर्ता योग्य गटात नसल्यामुळे. डेबियन आणि उबुंटूमध्ये त्या गटाचे नाव डायलआउट असे आहे आणि गटात नाव घातल्यावर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते, नाहीतर बदल लागू होत नाही. मोडेम मॅनेजर नावाची सेवा नवा पोर्ट दिसताच तो मोडेम आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर आज्ञा पाठवू शकते. उबुंटू २२.०४ मध्ये तर ब्रेल पडद्यांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच३४० चिपेला ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेते. डीमेसेजमध्ये पोर्ट येतो आणि लगेच नाहीसा होतो, असे दिसल्यास तीच कारणीभूत समजावी. ज्यांना ब्रेल पडद्याची गरज नाही त्यांनी ती सेवा काढून टाकावी. मॅकवर एकाच अडॅप्टरची दोन नावे दिसतात. टीटीवाय असलेले नाव समोरून कॅरिअरचा, म्हणजे मोडेम जोडला गेल्याचा, संकेत येण्याची वाट पाहत थांबू शकते, म्हणून सीयू असलेले नाव निवडावे.

कागदाची पिन लावून पाच मिनिटांची चाचणी

पोर्ट उघडतो, पण पडदा कोरा राहतो, अशा वेळी सेटिंगांचे अंदाज बांधण्यापूर्वी अडॅप्टरची लूपबॅक चाचणी, म्हणजे त्याने पाठवलेले त्यालाच परत ऐकू येते का याची तपासणी, करावी. मला विचाराल तर या संपूर्ण क्रमातील सर्वांत मोलाची तपासणी हीच आहे, आणि लोक नेमकी हीच वगळतात.

अडॅप्टर उपकरणापासून पूर्ण सोडवावा. नऊ पिनांचा मेल कनेक्टर आपल्याकडे तोंड करून, पाच पिनांची ओळ वर येईल असा धरावा. डावीकडून पहिली पिन १, शेवटची ५, आणि खालच्या ओळीत डावीकडून ६ ते ९. पिनांशेजारी बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेले असतात, ते भिंगाने वाचून खात्री करावी. पिन ३ वरून अडॅप्टर डेटा पाठवतो आणि पिन २ वर तो ऐकतो. या दोन पिना शेजारीशेजारी आहेत. कागदाला लावायच्या धातूच्या पिनेने किंवा तारेच्या तुकड्याने त्या एकमेकींना जोडाव्यात आणि तार बाहेरच्या धातूच्या कडेला टेकणार नाही, हे पाहावे. माझ्या पिशवीत याच कामासाठी २ आणि ३ आतून डाख लावून जोडलेला एक फीमेल कनेक्टर कायम असतो.

आता टर्मिनल प्रोग्रॅम (पोर्टवर अक्षरे पाठवणारा आणि आलेली दाखवणारा, उदाहरणार्थ पुट्टी किंवा मिनिकॉम) उघडून पोर्ट निवडावा, फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगण्याची सोय) पूर्ण बंद करावा आणि लोकल एको बंद असल्याची खात्री करावी. लोकल एको चालू राहिला तर टाइप केलेले अक्षर अडॅप्टरपर्यंत न जाताही पडद्यावर उमटते आणि चाचणी निरर्थक ठरते. काही अक्षरे टाइप करावीत. ती पडद्यावर उमटली आणि तार काढताच उमटणे थांबले, तर संगणक, ड्रायव्हर, चिप आणि अडॅप्टरचे पाठवण्याचे व ऐकण्याचे दोन्ही मार्ग चालू आहेत, हे एका फटक्यात सिद्ध झाले. दोष उरला तो बहुधा केबल, सेटिंग किंवा उपकरण यांतच. तार जोडूनही काही उमटत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर एकदा पाहावे आणि तिथेही तेच घडल्यास अडॅप्टर बदलावा. या चाचणीत बॉड रेट, म्हणजे अक्षरे पाठवण्याचा वेग, कोणताही चालतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच असतो. म्हणूनच ही चाचणी सेटिंग बरोबर आहे की नाही, हे सांगू शकत नाही.

सेटिंग: वेग, पॅरिटी आणि फ्लो कंट्रोल

उपकरणाच्या पुस्तिकेत ‘९६००, ८, एन, १’ अशी नोंद शोधावी. पहिला आकडा वेगाचा, दुसरा डेटा बिटांचा, तिसरे अक्षर पॅरिटीचे, म्हणजे चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटाचे (एन म्हणजे तो बिट नाही), आणि शेवटचा आकडा स्टॉप बिटांचा. एका अक्षरासाठी एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट असे दहा बिट लागतात, म्हणून ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. ऐकणारी बाजू स्टार्ट बिटाच्या उतारावरून घड्याळ लावते आणि पुढचे बिट केवळ अंदाजाने, ठरलेल्या अंतरावर वाचते. त्यामुळे दोन्ही टोकांच्या वेगात पाचेक टक्क्यांहून अधिक फरक पडला, की शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात.

पडद्यावर कचरा येत असेल तर त्या कचऱ्याकडे नीट पाहावे, कारण तो बराच बोलका असतो. उपकरण एक अक्षर पाठवते आणि पडद्यावर अनेक निरर्थक चिन्हे येतात, तर आपण लावलेला वेग खऱ्या वेगापेक्षा जास्त आहे. उलट उपकरण लांबलचक ओळ पाठवते आणि पडद्यावर दोनचारच चिन्हे येतात, तर आपला वेग कमी आहे. १२००, २४००, ४८००, ९६००, १९२००, ३८४००, ५७६०० आणि ११५२०० हे नेहमीचे वेग याप्रमाणे वर किंवा खाली सरकत तपासावेत. अंदाधुंद बदलू नयेत.

पॅरिटीची चूक याहून फसवी असते. वजनकाटे आणि काही जुनी मोजमाप यंत्रे सात डेटा बिट आणि सम पॅरिटी वापरतात. तेही एका अक्षरामागे दहाच बिट होतात, त्यामुळे आठ बिट आणि विनापॅरिटी लावूनही ओळीची लांबी बरोबर येते आणि निम्मी अक्षरे अगदी नीट वाचता येतात. अंकांपुरते पाहिले, तर ०, ३, ५, ६ आणि ९ शुद्ध दिसतात, तर १, २, ४, ७ आणि ८ यांच्या जागी दर वेळी तीच ती विचित्र चिन्हे येतात; कारण ज्या अंकांच्या संकेतात एकांची संख्या विषम आहे, त्यांच्या पॅरिटीचा बिट १ होतो आणि तो आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो. हा नमुना दिसला की वेगाला हात न लावता डेटा बिट सात आणि पॅरिटी सम करावी. केबलीतल्या गोंगाटामुळे होणारी चूक अशी ठरावीक नसते. तीत आज बिघडलेले अक्षर उद्या नीट येते.

उपकरणाकडून येणारा मजकूर दिसतो, पण आपण पाठवलेली आज्ञा पोहोचत नाही, या लक्षणामागे बहुधा फ्लो कंट्रोल असतो. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू असल्यास, समोरून पिन ८ वर ‘पाठव’ असा संकेत येईपर्यंत अडॅप्टर एकही अक्षर सोडत नाही, आणि तीन तारांच्या केबलीत ती तारच नसते. मिनिकॉममध्ये हा पर्याय मुळात चालू असतो, तर पुट्टीमध्ये एक्सऑन-एक्सऑफ प्रकार निवडलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात १७ आणि १९ संकेतांची अक्षरे चालू-बंदच्या खुणा मानली जातात. त्यामुळे साधा मजकूर नीट जातो, पण फाइल पाठवताना तिच्यात १९ आला, की सगळे जागच्या जागी थांबते. पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर फ्लो कंट्रोल बंद ठेवूनच सुरुवात करावी. आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब अशी, की बरीच उपकरणे आज्ञेच्या शेवटी १३ संकेताचे कॅरेज रिटर्न आल्याशिवाय उत्तरच देत नाहीत. प्रोग्रॅम फक्त १० संकेताचा लाइन फीड पाठवत असेल, तर उपकरण शांत बसते आणि त्यात त्याची काही चूक नसते.

केबल सरळ की क्रॉस, हे मल्टिमीटरने ठरवणे

आरएस-२३२ हे सीरियल जोडणीचे मानक १९६० मधले आहे आणि ते संगणकाला मोडेम जोडण्यासाठी लिहिले गेले होते. नऊ पिनांच्या कनेक्टरवर संगणक पिन ३ वर बोलतो आणि मोडेम पिन २ वर बोलतो, म्हणून दोघांमध्ये सरळ केबल पुरते. पुढे प्रत्येक उत्पादकाने आपले उपकरण स्वतःच्या मर्जीने कधी संगणकासारखे, कधी मोडेमसारखे जोडले. दोन्ही टोके पिन ३ वर बोलू लागली, की दोघांची बोलण्याची तार एकच होते आणि ऐकण्याच्या तारेवर कोणीच नसते. अशा वेळी २ आणि ३ यांची अदलाबदल केलेली क्रॉस केबल, जिला नल मोडेम म्हणतात, ती लागते. केबलीच्या बाहेरून ती सरळ आहे की क्रॉस, हे कळत नाही, आणि कनेक्टर मेल की फीमेल यावर विसंबणेही धोक्याचे आहे.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करावा लागत नाही. आरएस-२३२ मध्ये बोलणारी पिन शांत असताना ऋण व्होल्टवर असते, तर ऐकणारी पिन शून्याच्या आसपास असते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, पोर्ट उघडा असताना, काळी तार अडॅप्टरच्या पिन ५ वर आणि लाल तार पिन ३ वर ठेवावी. उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान आकडा दिसायला हवा. मग केबल उपकरणाला लावून तिचे अडॅप्टरकडचे सुटे टोक मोजावे. तिथे पिन २ वर ऋण व्होल्ट असतील तर केबल योग्य आहे. ते पिन ३ वर असतील तर मध्ये नल मोडेम जोड घालावा. दोन्हींवर शून्य असेल तर उपकरणाचा पोर्ट बंद आहे, उपकरणालाच वीज नाही किंवा केबल तुटलेली आहे. मीटरच्या तारांची टोके जाड असतील तर शेजारच्या पिनेला टेकण्याची भीती असते, म्हणून फीमेल टोकात बारीक तार खोचून तिच्यावर मोजावे.

अडॅप्टरच्या पिन ३ वर शांत स्थितीत ऋण व्होल्ट न येता शून्यच येत असेल, आणि तरीही लूपबॅक यशस्वी होत असेल, तर तो अडॅप्टर ऋण व्होल्टेज तयार करण्याचा खर्च वाचवलेल्या जातीचा आहे. अनेक आधुनिक रिसीव्हर चिपा शून्यालाही ऋणच समजतात, म्हणून असा अडॅप्टर एका उपकरणाशी उत्तम चालतो आणि दुसऱ्याशी अजिबात नाही. मानकानुसार ऐकणाऱ्या बाजूला उणे ३ व्होल्टांपेक्षा खालची पातळी मिळायला हवी. ती न देणारा अडॅप्टर बदलणे हाच उपाय.

इथे एक इशारा आवश्यक आहे. नऊ पिनांच्या कनेक्टरऐवजी सुट्या पिनांवर टीएक्स, आरएक्स, जीएनडी अशी अक्षरे असलेले छोटे अडॅप्टर टीटीएल पातळीचे, म्हणजे ऋण व्होल्ट न वापरणारे, असतात. त्यांची शांत पातळी अधिक ३.३ किंवा अधिक ५ व्होल्ट असते, आणि १ व ० यांचा अर्थ आरएस-२३२ च्या नेमका उलट असतो. आरएस-२३२ चा अडॅप्टर टीटीएल पातळीच्या बोर्डाला थेट जोडल्यास बोर्डावरची चिप जळू शकते. बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर अडॅप्टरची व्हीसीसी पिन जोडू नये. ज्या उपकरणावर ए आणि बी अशा दोनच तारा आहेत ते आरएस-४८५ चे असते, आणि त्याला वेगळाच अडॅप्टर लागतो.

अधूनमधून तुटणारा संपर्क

प्रथम कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळावेत. हे न करता कनेक्टर नुसता खोचून ठेवण्याची सवय फार पसरलेली आहे. त्यानंतर विंडोजमधील यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत, ऊर्जा वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. ठरावीक विश्रांतीनंतरच संपर्क तुटत असेल तर दोष बहुधा इथेच असतो. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी आणि आरएस-२३२ ची साधारण १५ मीटरपर्यंत ठेवावी. अंतर वाढवायचे असेल तर सीरियल बाजू वाढवावी, यूएसबी बाजू नव्हे, कारण गोंगाट सहन करण्याची ताकद सीरियल बाजूत अधिक असते.

उपकरण उत्तर देते, पण प्रोग्रॅम वेळ संपल्याची तक्रार करतो, असे एफटीडीआयच्या चिपेवर घडत असल्यास प्रगत सेटिंगमधील लेटन्सी टाइमर पाहावा. तो मुळात १६ मिलिसेकंद असतो, म्हणजे आलेली थोडीशी अक्षरे चिप तेवढा वेळ धरून ठेवते. छोट्या छोट्या प्रश्नोत्तरांच्या प्रणालीत हा विलंब साचत जातो. तो १ मिलिसेकंद केल्याने कित्येक ‘बिघडलेली’ यंत्रे सुधारलेली मी पाहिली आहेत.

लिनक्समध्ये संपर्क तुटून परत आल्यावर टीटीवाययूएसबी० चा टीटीवाययूएसबी१ झालेला दिसतो, कारण प्रोग्रॅमने जुने नाव अजून धरून ठेवलेले असते. प्रोग्रॅमला क्रमांकाऐवजी डेव्ह-सीरियल-बाय-आयडी (/dev/serial/by-id) या फोल्डरातील कायम नाव द्यावे. मात्र याने फक्त नाव टिकते, तुटण्याचे मूळ कारण जात नाही.

मोटर, कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंग यंत्र सुरू होताच संपर्क तुटत असेल तर केबल त्या यंत्राच्या वीजवाहिन्यांपासून दूर न्यावी आणि लॅपटॉपचा चार्जर काढून केवळ बॅटरीवर पाहावे. बॅटरीवर दोष गेला, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधील व्होल्टेजचा फरक सीरियल केबलीच्या ग्राउंड तारेतून वाहतो आहे, असे समजावे. यावर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा आयसोलेटेड अडॅप्टर हाच योग्य उपाय आहे. लॅपटॉपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा उपाय नव्हे, तो जिवावर बेतणारा प्रकार आहे.

कोठे थांबावे

केबल जोडताना ठिणगी उडाली, कनेक्टरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिणी आली, किंवा बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूच्या भागात आणि उपकरणाच्या पिन ५ मध्ये मीटरवर काही व्होल्टांहून अधिक ठळक फरक दिसला, तर तिथेच थांबावे आणि विद्युत तंत्रज्ञाला बोलवावे. अर्थिंग तपासल्याशिवाय केबल पुन्हा जोडू नये. अडॅप्टर हाताला चटका बसण्याइतका गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो लगेच काढावा आणि त्याच यूएसबी सॉकेटमध्ये दुसरा अडॅप्टर लावून पाहण्याचा मोह टाळावा.

पोर्टपर्यंत पोहोचण्यासाठी विजेचे पॅनेल उघडावे लागत असेल, वजनकाट्याचे सील तोडावे लागत असेल, किंवा उपकरण रुग्णाला जोडलेले असेल, तर हे काम आपले नाही. लिफ्ट, बॉयलर, सीएनसी किंवा हलणारे भाग असलेल्या कोणत्याही यंत्राच्या नियंत्रकावर, त्याची पुस्तिका हातात नसताना, अंदाजाने आज्ञा पाठवू नयेत. चुकीच्या वेगाने गेलेला कचराही कधी आज्ञा म्हणून वाचला जाऊ शकतो. उपकरणाचे फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्रॅम) बदलण्याचा सल्ला मिळाला आणि संपर्क अजून अधूनमधून तुटतो आहे, अशा स्थितीत तर फर्मवेअरला हातच लावू नये, कारण अर्धवट लिहिले गेल्यास उपकरण पुन्हा सुरू होणार नाही.

तंत्रज्ञाला बोलावताना चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: हार्डवेअर आयडीमधील दोन्ही क्रमांक (उत्पादकाचा आणि उत्पादनाचा), लूपबॅक चाचणीचा निकाल, केबलीच्या सुट्या टोकाला पिन २ आणि पिन ३ वर मोजलेले व्होल्ट, आणि संपर्क तुटतो त्या वेळी आसपास काय सुरू होते. ‘अडॅप्टर चालत नाही’ एवढेच सांगितले, तर तोही पहिली सुरुवात ड्रायव्हर पुन्हा बसवण्यापासूनच करील.